दामलेकाकांचे आकडे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले दामलेकाका माणसांची नावं लक्षात ठेवत नाहीत, बुद्ध्यांक ठेवतात. तोही स्वतःच काढलेला. मी राहायला आलो त्या दिवशी कपाट उभंच्या उभं जिन्यातून चढवत होतो. काका वरून बघत होते. "ब्याण्णव," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तीस वर्षं त्यांनी एका केंद्रात मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचे पेपर तपासले. निवृत्तीनंतर पेपर थांबले, तपासणं थांबलं नाही. वॉचमन एकशे चार. चेअरमन सत्त्याऐंशी, कारण सही करायला वेळ लावतात. तिसऱ्या मजल्यावर उगाच थांबते म्हणून लिफ्टला सत्तर. मंडईत त्यांनी भाजीवालीला अंकमालिका पूर्ण करायला सांगितली, तेव्हा तिने निवडलेली वांगी पिशवीतून परत काढून घेतली. तिला तिथल्या तिथे एकशे अठ्ठावीस मिळाले.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीने, ईराने, दहावीनंतर काय करावं म्हणून तशीच चाचणी दिली. आकडा आला अठ्ठ्याऐंशी. घरात सुतक. बायको ईराशी एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. पोरगी खोलीबाहेर येईना. मी पेपर घेऊन काकांकडे गेलो आणि फेरतपासणी करा म्हटलं.

काकांनी दोनदा मोजलं. "बरोबर आहे."

"दहा-बारा वाढवता येतील का? तिला दाखवण्यापुरते."

काकांनी चष्मा काढला. "एकदा वाढवले होते. सव्वीस. माझ्या सुहासला. त्याला स्वयंपाकाची गोडी, मी घातला इंजिनिअरिंगला. दोनदा नापास झाला. मी म्हटलं, एवढा आकडा असून नापास होतोसच कसा? तो घर सोडून गेला. सांगलीत त्याची खानावळ आहे. बाहेर रांग लागते म्हणे. मी अजून जेवलो नाही तिथे."

मला माझीच लाज वाटली. कागद घडी करून खिशात घातला.

"बोलावलं नाही त्याने?"

"नाही. आणि मीही विचारलं नाही."

एवढ्या हुशार माणसाला इतकी साधी गोष्ट सुचू नये, याचं मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "रविवारी गाडी काढतो. ईराही येईल."

काका उठले, कपाट उघडलं आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला लागले. त्या दिवशी बुधवार होता.