महानंदाअक्कांचा फ्रिज

बंगळुरात ग्रेप हायसिंथ फुलवून दाखवणारा पहिला मराठी माणूस मीच असणार, असं मी ऑक्टोबरातच ऑफिसात जाहीर करून टाकलं होतं. तोवर घरी नुसते कंद आले होते. खोक्यावर मात्र द्राक्षांच्या घडांसारख्या निळ्या फुलांचं चित्र होतं. कंद आधी दहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे हिवाळा होऊन गेला असं त्यांना वाटतं आणि ते फुलतात. फसवणूकच, पण शास्त्रीय!

"आपल्या फ्रिजमध्ये मातीचं काही येणार नाही," सुचेता म्हणाली.

बायकोपुढे माझं चालत नाही, म्हणून मी खाली घरमालकिणीकडे गेलो. महानंदाअक्का मूळच्या निपाणीच्या, बनशंकरीत चाळीस वर्षं. एकट्याच राहतात.

"ठेवा की. त्यात काय?"

मी त्यांना चांगला अर्धा तास सूचना दिल्या. पिशवीला हात लावायचा नाही. दार हळू उघडायचं. आणि फ्रिजमध्ये एकही फळ नको, फळाच्या वाफेनं आतली कळी मरते.

"सरी," अक्कांनी कानडीत होकार दिला.

जानेवारीत मुदत भरली. अक्का देवळात गेल्या होत्या, पण त्यांची एक किल्ली आमच्याकडे असते. मी फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा ओढला, खाकी पिशवी उचलली आणि गच्चीवर बारा कुंड्या भरल्या. कंद जरा गुलाबी झाले होते. थंडीनं गाल होतात, तसं असेल म्हटलं.

आठवड्यात हिरवे कोंब! मी रोज फोटो काढून ऑफिसात पाठवू लागलो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ऑफिसातले दोघं, योगीराज हेब्बाळहून आणि विलास राजाजीनगरहून, अर्धं शहर ओलांडून, फुलं बघायला आले. मी ऐटीत त्यांना गच्चीवर नेलं.

बाराही कुंड्या सफाचट! मुळाशी बोटभर खुंट तेवढे उरले होते.

गच्चीची दुसरी किल्ली अक्कांकडेच. मी तिथूनच ओरडलो, "अक्का, माझी रोपं कुणी कापली?"

"आम्हीच की," अक्का गुडघे धरत वर आल्या. "निबर होत होती. का ओ?"

"विचारायचं तरी! दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, एवढंही कळत नाही?"

हे मी दोन पाहुण्यांसमोर, सत्तरीच्या बाईला म्हणालो. आजही आठवलं की मान खाली जाते.

अक्कांनी एका कुंडीतल्या खुंटाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "कांद्याची पात हो ती. काल झुणका केला. वाटीभर तुमच्याकडं पाठवला की."

तो झुणका मी दोनदा मागून घेतला होता.

"पण मी तर तुमच्या फ्रिजमधून..."

"खालच्या कप्प्यातनं नेलात. तिथं गारवा नसतो, सांबाराचे कांदे ठेवतो आम्ही. नेलेले दिसले, म्हटलं लागले असतील."

विलासनं एक खुंट चिमटून हुंगला आणि योगीराजकडे दिला. मी न हुंगताच अक्कांच्या मागून खाली गेलो. त्यांनी फ्रिजचं दार हळू उघडलं. माझी पिशवी, तीही खाकीच, वरच्या जाळीवर एकटी बसली होती, अक्कांनी ठेवली तशी. बाजूला कुठलंच फळ नव्हतं. केळी, पेरू, देवीच्या प्रसादाचं सफरचंदसुद्धा ओट्यावरच्या परातीत होतं. निम्म्या केळ्यांची सालं काळी पडली होती.

"चार महिने फळं बाहेर?"

"तुम्ही सांगितलात नव्हं."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "आता उन्हाळा लागला, अक्का. हे कंद आता लावून उपयोग नाही."

"मग राहू देत आत," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी दार हळूच लावलं. "पुढच्या साली लावा. आणि हे केळ खा, स्वल्प काळं आहे."

केळ मी तिथेच उभ्यानं खाल्लं. ऑफिसात हल्ली मी बागेचा विषय काढत नाही. झुणक्याचा विषय विलास काढतो.