दाराआडची सायंप्रार्थना

संध्याकाळच्या प्रार्थनेला पाच मिनिटं उरली होती, आणि कॅथेड्रलच्या झगे घालायच्या खोलीच्या दाराची मूठ कुलुपवाल्याच्या हातात आली. नुसती मूठ. दार जागच्या जागी, घट्ट बंद, आणि सहाही गायक आत.

"दुपारीच दुरुस्त केलंस ना रे हे?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"फुकटात केलं," कुलुपवाला पुटपुटला.

बावीस वर्षं तो इथे सर्वांत खालच्या सुरात गात होता. दिवसभर दुकानात किल्ल्या घासायच्या आणि सहाच्या ठोक्याला पांढरा झगा चढवून उभं राहायचं. डॉक्टर, बसचालक, शिंपी, दोघे मास्तर, सगळ्यांचं तेच. ऐकायला चार माणसं असोत की चारशे, प्रार्थना गायची म्हणजे गायचीच. त्यांच्या आधीच्या गायकांनीही ती कधी चुकवली नव्हती.

बाहेरून गायनप्रमुखांचा आवाज आला. "लोक येऊन बसलेत! आत काय करताय?"

"अडकलोय, सर! बाहेर राहिलेल्या माझ्या पिशवीतला पेचकस दाराखालून सरकवा!"

"फट कुठाय सरकवायला?"

फट नव्हती. गार वारा येतो म्हणून गेल्या महिन्यात ती कुलुपवाल्यानेच बुजवली होती. पाच जोडी डोळे त्याच्याकडे वळले. तेवढ्यात सहाचे ठोके पडले.

"वेळ झाली," बसचालक म्हणाला. "गाडी सोडायची."

कोटांच्या गर्दीत तिघे इकडे, तिघे तिकडे, नेहमीसारखे समोरासमोर उभे राहिले. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने उत्तर द्यायचं. कुलुपवाल्याच्या तोंडून मात्र शरमेने आवाज फुटेना.

"अरे, खालचा सूर दे," डॉक्टरांनी कोपर मारलं. "तुझ्याशिवाय आम्ही उभे कशावर राहणार?"

त्याने डोळे मिटले आणि सूर लावला. बाकीचे त्यावर एकेक करून चढत गेले. जाड लाकडातून गाळून ते गाणं बाहेर पडलं, तेव्हा खोकणारेही खोकायचे थांबले.

शेवटी रखवालदाराने पहार घालून दार उचकटलं. सहाहीजण माना खाली घालून बाहेर आले. लोक उभे होते. कुलुपवाल्याची बायको पदराने डोळे टिपत होती.

"अहो, काय गायलात आज!"

"रोजचंच तर होतं," तो चाचरत म्हणाला.

"असेल. पण तुम्ही समोर दिसलात की माझं निम्मं लक्ष तुमच्या विस्कटलेल्या केसांत. आज पहिल्यांदा नुसतं ऐकलं."

कुलुपवाला खुलला, आणि हळूच त्याने केसांवरून हात फिरवला.