ठिपक्याची तपासणी

रंगनाथचं डोकं रोज दुपारी चार वाजता तापायचं. अंबडच्या एका कारखान्यात तो इन्स्पेक्टर होता. सकाळी सातपासून लोकांनी घडवलेले जॉब रिजेक्ट करून आलेल्या माणसाला घरीही काहीतरी रिजेक्ट करायला लागतंच. सध्या ते काहीतरी म्हणजे ठिपक्या होता.

ठिपक्या हा हिरवा-पिवळा बजी, म्हणजे मूठभर आकाराचा पोपट. लेकीच्या, सृष्टीच्या नवव्या वाढदिवसाला झुंबरशेठच्या दुकानातून आणलेला. दुकानात तो एवढा बडबडत होता की रंगनाथने दुसऱ्या पिंजऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंदिरानगरच्या घरात येऊन महिना झाला, तरी त्याची साधी चिवचिव रंगनाथच्या कानावर पडली नव्हती. बघावं तेव्हा हे महाशय पिसं फुगवून, एक पाय पोटाशी घेऊन दांडीवर बसलेले.

"दिवसभर बोलतो हो," सुवर्णा म्हणायची. "मिक्सर लावला की त्याच्याशी भांडतो. नळ सोडला की मग तर विचारूच नका."

"मग मी काय बहिरा आहे?"

याला उत्तर द्यायचं नसतं, हे सुवर्णाला बारा वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

रंगनाथ तणतणत दुकानात गेला आणि मुका पक्षी गळ्यात मारला म्हणून चार गिऱ्हाइकांदेखत ओरडला. झुंबरशेठ जन्मभर पक्ष्यांत राहून शांत झालेला माणूस. बजीचा दिवस ठरलेला असतो, असं त्याने समजावलं. उजाडलं की गातो, भर दुपारी पेंगतो, चारच्या सुमाराला उन्हं उतरली की पुन्हा गळा मोकळा करतो.

"आठ दिवस लिहून ठेवा साहेब. चारनंतर पण गप राहिला तर दुसरा देतो. मंग तर झालं?"

लिहून ठेवणं हा रंगनाथचा प्रांतच. त्याने वहीत रकाने आखले आणि तासातासाची नोंद घरावर लादली. आठवड्याने वही तपासली तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मायलेकींच्या अक्षरात 'गातो', 'खूप गातो', 'घंटीला मारतो'. आणि चारनंतर त्याच्या स्वतःच्या अक्षरात 'गप', 'गप', 'गप'.

"खोट्या नोंदी आहेत या. कारखान्यात असतं तर घरी बसवलं असतं."

"आम्ही घरीच आहोत," सुवर्णा पोळी लाटत म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी तो स्वतः घड्याळ लावून पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसला. डोळे वटारून. ठिपक्या सरकत सरकत पार कोपऱ्यात गेला आणि त्याने तोंड फिरवलं. 'पाठ करून बसतो. मुद्दाम,' अशी नोंद झाली. पक्षी बदलायचा हे ठरलंच. सृष्टी रडरड रडली. तिला दुसरा कुठलाच पक्षी नको होता. "पप्पा, तो मुका नाहीये, खरंच," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

माणसं खोटं बोलतात, यंत्र बोलत नाही, असा रंगनाथचा विश्वास. झुंबरशेठच्या तोंडावर मारायला पुरावा हवा म्हणून सोमवारी त्याने पिंजऱ्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि साडेतीनला फक्त बटण दाबायचं, असं सुवर्णाला बजावलं. चारला तो घरी आला. सव्वाचारला कॅसेटची बाजू संपून खट्ट झालं, तसं त्याने टेप स्कूटरवर पायाशी ठेवला, मागच्या सीटवर मुसमुसणाऱ्या सृष्टीच्या मांडीवर पिंजरा दिला आणि थेट दुकान गाठलं.

"ऐका आता तुमचा गवई," म्हणत त्याने कॅसेट उलटी पळवली. ती थांबली नेमकी चारच्या थोडं अलीकडे.

टेपमध्ये नळ धो धो वाहत होता आणि त्याच्या वरताण ठिपक्या कल्ला करत होता. सृष्टी बेसूर गाणं म्हणत होती. सुवर्णा हसत होती. ती इतक्या मोठ्यांदा हसते, हे रंगनाथला आठवेना.

मग लांबून स्कूटरची फटफट ऐकू आली. आधी नळ बंद झाला. मग गाणं. मग हसणं. सगळ्यात शेवटी ठिपक्या, अर्ध्या चिवचिवीवर. थोडा वेळ नुसती खरखर आली आणि त्यामागून रंगनाथचा आवाज: "दार उघडायला मुहूर्त काढता का?"

त्यानंतर टेपवर काही नव्हतं. गिऱ्हाइकं उगाच पिंजऱ्यांत बघू लागली. सृष्टीने मान वर केली नाही. झुंबरशेठने हलकेच बटण बंद केलं.

"साहेब, पक्षी चांगला हाय," तो म्हणाला. "ह्याच्यात बदलायसारखं काय नाय."

दुसऱ्या दिवशी रंगनाथने वळणावरच स्कूटर बंद केली आणि ढकलत निघाला. उतरतं ऊन थेट तोंडावर येत होतं. त्याला स्कूटरचा राग आला, पक्ष्याचा आला, झुंबरशेठचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. फाटकाशी येऊन तो थांबला. आतून नळाचा आवाज येत होता, गाणं येत होतं आणि ठिपक्या आकाशपाताळ एक करत होता. पक्षी घरी आल्यापासून पहिल्यांदाच तो हे स्वतःच्या कानांनी ऐकत होता.

तेवढ्यात समोरच्या घरातले भिमाजीतात्या मदतीला धावत आले. पेट्रोल संपलं की प्लगमध्ये कचरा आला, अशी विचारपूस करत त्यांनी स्कूटरच्या किकवर पाय ठेवला.

रंगनाथच्या मस्तकात तिडीक गेली. तोंड उघडलं, शब्द जिभेवर आले, आणि त्याने ते तोंड तसंच मिटलं.

"तात्या," तो दातओठ खात, पण इतक्या हळू म्हणाला की तात्यांना कान जवळ न्यावा लागला, "किक मारलीत तर गाठ माझ्याशी आहे."