स्टेपनी परत करण्याची मुदत

आमच्या गावात ज्या घरच्या मोटारीला साधे टायर असतात त्या घरात एक स्टेपनी माणूस ठेवावा लागतो, आणि त्या घराने रन-फ्लॅट टायर मागवले की सात दिवसांच्या आत त्याला परत करावे लागते. नियम जुना आहे आणि त्यामागचे कारण सरळ आहे. साधा टायर हवा गेली की थांबतो, आणि थांबलेल्याच्या जागी दुसरा लागतो. रन-फ्लॅट टायरच्या कडा जाड असतात. हवा गेली तरी तो चालत राहतो, म्हणून त्याला दुसरा लागत नाही. जे मोटारीचे, तेच घराचे.

आमची मोटार लहान, फिकट निळ्या रंगाची. तिच्यासोबत मिळालेले विश्वंभरराव चौदा वर्षांपूर्वी मागच्या खोलीत राहायला आले. त्यांचे वय, उंची आणि चष्म्याचा क्रमांक माझ्याइतकाच. चाक-कार्यालय तसे पडताळूनच माणूस देते. मी शाळेत संस्कृत शिकवत असे. मी निवृत्त झालो त्याच दिवशी तेही निवृत्त झाले.

या वर्षी टायर गुळगुळीत झाले, तेव्हा मी आणि माझी पत्नी कुमुदिनी युनूस बागवान यांच्या दुकानात गेलो. युनूसभाईंनी दोन्ही प्रकारचे टायर भिंतीला टेकवून ठेवले. दिसायला दोन्ही काळे आणि गोल होते. मी बराच वेळ पाहिले, परंतु मला काही ठरवता येईना.

“रन-फ्लॅट हा शब्द मला पटत नाही,” मी म्हटले. “निर्वातधावी म्हणता येईल.”

“म्हणा की, सर. पण त्या नावानं मागितलं तर कोल्हापूरहून एक टायर येणार नाही,” युनूसभाई म्हणाले. “आणि छोट्या गाडीला हे म्हणजे बारक्या पोराला पैलवानाचे बूट. बसतील, पण प्रत्येक खडा अंगाला कळंल. घरात स्टेपनी कोण आहे?”

“विश्वंभरराव.”

“मग सावकाश ठरवा. माझ्या मेहुण्यानं घाईनं घेतले. आता पत्ते खेळायला चौथा माणूस मिळत नाही, रोज इथं येऊन माझं डोकं खातो.”

कुमुदिनीने जाड कडेचा टायर बोटाने दाबून पाहिला. तो दबला नाही. “हेच घ्या,” ती म्हणाली.

तिचे कारण मला माहीत होते. गेल्या हिवाळ्यात कराडला तिची थोरली बहीण अत्यवस्थ होती. आम्ही निघालो आणि वाटेतल्या माळावर टायर फुटला. डिकीतली स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. तिची हवा कोणी पाहत नाही, मीही पाहिली नव्हती. आम्ही तीन तास एका बाभळीखाली उभे होतो. कराडला पोहोचलो तेव्हा सर्व आटोपून लोक अंघोळी करीत होते. तेव्हापासून बाभळ दिसली की कुमुदिनी मान फिरवते.

दुसऱ्या बाजूचेही मी मनाशी तोलून पाहिले. शेजारच्या बेलवलकरांकडे रन-फ्लॅट आहेत. त्यांच्या मातोश्री सकाळी सातला वारल्या, आणि अंत्यविधी उरकून दुपारी ते दुकानात हजर होते. घरात कोणीच बसले नाही. भेटायला गेलेल्यांना त्यांच्याबरोबर चालत चालत सांत्वन करावे लागले. मी स्वतः गिरणीपर्यंत गेलो होतो. ही रीत चांगली की वाईट, हे मला तेव्हाही ठरवता आले नव्हते.

तरीही मी रन-फ्लॅटची मागणी नोंदवली, आणि घरी येऊन विश्वंभररावांना तसे सांगितले.

“म्हणजे आता तुम्हाला जावं लागणार,” मी म्हटले. “वाईट वाटतं, पण नियम आहे.”

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. “मला? मीही तेच तुम्हाला कसं सांगावं, याचा विचार करत होतो.”

येथे अदलाबदलीविषयी सांगितले पाहिजे. स्टेपनी नुसती पडून राहिली तर तिचे रबर ताठते, म्हणून दर सहा महिन्यांनी तिची अदलाबदल करावी, असे कार्यालयाच्या पुस्तिकेत आहे. गावातली बहुतेक घरे या बाबतीत आळशी आहेत. आम्ही मात्र एक एप्रिल आणि एक ऑक्टोबर या तारखा कधी चुकवल्या नाहीत. त्या दिवशी मी माझी उशी घेऊन मागच्या खोलीत जाई आणि विश्वंभरराव त्यांची घेऊन पुढे येत. मग सहा महिने शाळेत तेच शिकवत, वाचनालयाच्या सभेला तेच जात, आणि “अहो, भाजी काय आणू,” हे कुमुदिनी त्यांना त्याच स्वरात विचारी. दर वेळी दिनदर्शिकेवर ‘अदलाबदल झाली’ असे लिहिले जाई. कोण कोठून कोठे गेले, ते लिहिले जात नसे. ते दोघांनाही ठाऊक होते.

“तुम्ही मुळात मागच्या खोलीतले,” मी म्हटले.

“आता तुम्ही आहात मागच्या खोलीत. ऑक्टोबरपासून.”

“आता आहे. मुळात नव्हे.”

“मुळात मी होतो असं कशावरून?”

मी आठवू लागलो. नववीच्या वर्गात रूपे म्हणता म्हणता एक मुलगी चक्कर येऊन पडली होती, ते मला स्पष्ट आठवत होते. मी ते पुरावा म्हणून सांगितले.

“वंदना शेडगे,” विश्वंभरराव म्हणाले. “खिडकीजवळच्या बाकावर बसायची.”

मला तिचे नाव आठवत नव्हते. आम्ही दोघांनी कुमुदिनीकडे पाहिले. ती मेथी निवडत होती.

“कुमुदिनी, तूच सांग,” विश्वंभरराव म्हणाले.

“मी कशाला लक्षात ठेवू?” ती म्हणाली. “चहा दोघंही बिनसाखरेचा घेता. टॉवेल दोघंही पलंगावर टाकता.”

सहाव्या दिवशी कार्यालयातून निरीक्षक मोहिते आले. त्यांच्याजवळ झीज मोजण्याचे पितळी माप होते. ज्याची झीज कमी तो स्टेपनी, अशी त्यांची पद्धत आहे. त्यांनी आम्हा दोघांना खुर्चीवर बसवून पाय पुढे करायला सांगितले, टाचांवर माप धरले, चष्मा पुसला आणि पुन्हा धरले.

“काडीचा फरक नाही,” ते म्हणाले. “वीस वर्षांत अशी सारखी झीज बघितली नाही मी.”

“अदलाबदल वेळच्या वेळी केली आहे,” मी म्हटले.

“ते दिसतंय. पण मग नेऊ कुणाला? मुदत उद्या संपते. एक माणूस कमी झालेला दिसला नाही तर टायर जप्त होतात.”

त्या क्षणी मला भीती वाटली. मला हे घर सोडायचे नव्हते. विश्वंभररावांनाही सोडायचे नव्हते, आणि त्यांची इच्छा माझ्या इच्छेहून एका काडीनेही कमी असल्याचे मला सिद्ध करता येत नव्हते.

“माझी बघा,” कुमुदिनी म्हणाली.

“बाईंची गरज नसते,” मोहिते म्हणाले.

तिने हात पदराला पुसले आणि स्टुलावर पाय ठेवला. टाचेला खोल भेगा होत्या. त्यांत कणकेचे पीठ बसले होते. मोहित्यांनी माप धरले. काटा शेवटच्या खुणेला जाऊन अडकला. त्यांनी माप स्वतःच्या बोटावर टेकवून ते चालते की नाही, ते पाहिले.

“बाईंची अदलाबदल कधी केली होती?”

“पुस्तिकेत तसं काही नाही,” मी म्हटले.

त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढून पान उघडले. “‘घरातील सर्व चालत्या व्यक्तींची’ असं लिहिलंय.”

मी ते वाक्य अनेकदा वाचले होते. त्यातल्या प्रत्येक पदाचा अन्वय मी लावून दिला असता. ‘सर्व’ हे पदही मी वाचले होते.

“परत गेलेली माणसं कुठं असतात?” कुमुदिनीने विचारले.

“धरणाच्या रस्त्याला राखीव घर आहे. कडुलिंबाची सावली आहे, बाजा आहेत.”

“तिथं काय करायचं असतं?”

“काही नाही. पडून राहायचं. महिन्यातून एकदा हवा बघतात.”

“आणि पुन्हा कुठं लावतात?”

“झिजलेल्याला लावत नाहीत, बाई.”

“परत एकदा सांगा,” ती म्हणाली. मोहित्यांनी परत सांगितले.

“घरातून एक माणूस जायला हवा. तो कोणता, असं काही कलमात आहे?”

मोहित्यांनी कलम दोनदा वाचले. “नाही. एक, एवढंच आहे.”

“मग माझं नाव लिहा.”

मी उठून उभा राहिलो. विश्वंभररावही उठले. “कुमुदिनी, टायर तर तुझ्यासाठीच घेतले,” आमच्यापैकी एकाने म्हटले. ते मी म्हटले असावे.

“हो ना,” ती म्हणाली. “आता काही झालं तरी तुम्ही थांबणार नाही. मला तेवढीच काळजी होती.”

तिला आवरायला अर्धा तासही लागला नाही. दोन लुगडी, तिच्या बहिणीचा एक फोटो आणि टाचांना लावायचे मलम, एवढे तिने घेतले. डाळ कोणत्या डब्यात आहे आणि गॅसचे बटण कोणत्या बाजूला अडकते ते तिने सांगितले. दाराशी जाऊन ती “अहो” म्हणाली, तेव्हा आम्ही दोघांनी मान वर केली. “काही नाही,” ती म्हणाली आणि मोहित्यांच्या जीपमध्ये पुढच्या आसनावर बसली. मोहित्यांनी दार लावले आणि पावतीवर माझी सही घेतली. मागे विश्वंभररावांनीही केली. सह्या सारख्याच आल्या.

दुपारी युनूसभाईंनी टायर बसवले. “वहिनी दिसत नाहीत,” ते म्हणाले. आम्ही काय ते सांगितले. त्यांनी पाना उचलून चौथ्या चाकाचे नट आवळले.

आम्ही गाडी घेऊन धरणाच्या रस्त्याने एक फेरी मारली. खडे खरोखर जाणवतात. राखीव घर उजव्या हाताला दिसले. बाजांवर बरीच माणसे सावलीत पडली होती. वेग कमी करावा, असे माझ्या मनात आले. गाडी पुढे गेली.

घरी येऊन एकाने भात लावला आणि दुसऱ्याने पाने घेतली. जेवायला बसलो तेव्हा तीन पाने मांडलेली होती. विश्वंभररावांनी तिसरे उचलून फडताळात ठेवले, मी वरण वाढले, आणि आम्ही जेवू लागलो.