अमरसिंहची प्रतवारी

मार्कांवरून होणारी भांडणं मी एका निकालात मिटवून दाखवीन, असं मी बायकोला, गंगासागरला, छाती ठोकून सांगितलं होतं! नुकताच बीडहून प्रशिक्षण घेऊन आलो होतो. तिथले साहेब म्हणाले, मार्क देऊ नका, श्रेणी द्या. एका मार्कासाठी पोरं झुरतात, त्यांचे बाप त्याहून जास्त झुरतात. अ, ब, क म्हटलं की मिटलं! मला हे इतकं पटलं की येताना एसटीत शेजारी घोरणाऱ्या माणसालाही मी मनातल्या मनात ‘ब’ देऊन टाकला.

आमचं गाव चकलांब्याच्या अलीकडे. शाळा चौथीपर्यंत, मास्तर दोन. सहामाहीचा निकाल लावला. माझी मुलगी ईश्वरी माझ्याच वर्गात. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून तिलाही ‘ब’ दिला. त्या रात्री गंगासागरनं आमटी वाढली. तिच्यात मीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आत विठ्ठलराव माझ्या घरी हजर! बागायतदार माणूस, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. त्यांच्या अमरसिंहला ‘क’ मिळाला होता.

“मास्तर, ह्यो ग्रेड कुनी काढला?”

“मीच काढला.”

“मूठ कुठली बगितली?”

“मूठ?”

“कापूस खरेदीच्या सेंटरवर ग्रेडर गाडीतून येक मूठ काढतो आन् अख्ख्या गाडीचा ग्रेड सांगतो. तसंच केलं न्हवं तुमी? माझं पोरगं फरदड हाय का?”

फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर वेचलेला, कुणी न विचारणारा कापूस. मी घाईघाईनं म्हणालो, “छे छे! त्याचं गणित जरा कच्चं आहे, इतकंच.”

“आन् हिरीवरचं बिघडलेलं इंजन परवा कुनी चालू केलं? ती मूठ काढली का तुमी?”

प्रशिक्षणात इंजन हा विषयच नव्हता. तेवढ्यात चंद्रभागाबाई कडाडत आली. “गुर्जी, माझ्या सिदूचा ‘ब’ येका गणितापायी हुकला. ह्यांच्या अमरसिंहला पाटी सरळ धरता येत न्हाई. दोगं येकाच ग्रेडात कावून?” यावर विठ्ठलराव तिच्याकडे वळले. भांडण मिटवायला निघालो होतो, ते माझ्याच ओट्यावर सुरू झालं!

आता, सेंटरवरचा ग्रेड पटला नाही की शेतकरी काय करतो? माल दुसऱ्या सेंटरला नेतो! सोमवारी वर्गातली ‘क’वाली पोरं गायब. विठ्ठलरावांनी ट्रॅक्टरमध्ये भरून ती ओढ्यापलीकडच्या शाळेत नेऊन घातली होती. तिथले धोंडीराम गुरुजी सरसकट ‘अ’ देतात म्हणे! मग ‘ब’वालीही निघाली.

माझी झोप उडाली. शुक्रवारी विस्तार अधिकारी पट मोजायला येणार होते. पट घसरला तर एक मास्तर जादा ठरणार, आणि नवा म्हणून तो मीच! बदली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या कडेला, आष्टीच्या पार टोकाला. इथं गंगासागरच्या शिलाई मशीनचा जम आता कुठं बसत होता. तिला काय तोंड दाखवू?

मी घरोघर फिरलो. हात जोडले. “सगळ्यांना ‘अ’! पोरं परत पाठवा!”

“मग पयलंच द्यायचा ना! आमाला उगं तरास,” विठ्ठलराव म्हणाले.

‘अ’वाल्या पोराचा बाप मात्र भडकला. “मग आमच्या पोरानं आब्यास कावून केला?” त्याच्याही मी पाया पडलो.

शुक्रवारी ट्रॅक्टर भरून पोरं आली. मीच एकेकाला उतरवून घेतलं. अधिकारी साहेबांनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. म्हणाले, “मास्तर, एक मूल कमी पडतंय हो.”

मी वर्गावर नजर फिरवली. ईश्वरीची जागा रिकामी! धावत घर गाठलं. गंगासागर शांतपणे मशीन चालवत होती.

“अगं, ईश्वरी कुठंय?”

“सकाळीच धोंडीराम गुर्जीकडं पोचवली. आल्या आल्या ‘अ’ दिला त्यांनी.”

“पण मी तर आता सगळ्यांनाच ‘अ’ देणार होतो!”

“अख्ख्या गावाच्या उंबऱ्याला जाऊन आलात. आपल्या घरी कोण आलतं सांगायला?”

हल्ली आम्ही आष्टीच्या टोकाला असतो. शाळेत मी मुकाट्यानं मार्क देतो. ग्रेड निघतो तो घरी, जेवताना, माझा. अजून ‘क’च्या वर गेलेलो नाही!