दहा वर्षांची परंपरा, एका दुपारी

विरार पूर्वेला चंदनसारमध्ये राहणारे, सरकारी सेवेतून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले चंद्रहास सामंत यांना नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, आर्याचा, बंगळुरूहून फोन आला. नाताळच्या सुटीत ती माहेरी येऊ शकत नव्हती. तिच्या सासरचे सगळे दर डिसेंबरात महाबळेश्वरला जमत. "त्यांची परंपराच आहे ना बाबा," ती म्हणाली. "आपल्याकडे तसं काही नसतं."

फोन ठेवल्यावर चंद्रहासरावांनी हे विधान तपासून पाहिलं आणि ते वस्तुस्थितीला धरून असल्याचं त्यांना आढळलं. मुलीची आठवण येते, हे कारण कोणत्याही नियमात बसत नाही. एकतीस वर्षं लोकांचे रजेचे अर्ज नामंजूर केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. परंपरेपुढे टिकेल ती परंपराच. आपल्याकडे ती नसेल तर ती तयार करणं क्रमप्राप्त होतं.

त्यासाठी त्यांनी माणिकपूरला क्लेमेंटच्या घरी तातडीची बैठक बोलावली. क्लेमेंट आणि बाबू हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. क्लेमेंट बँकेतून निवृत्त झालेला. बाबू अजूनही वडिलोपार्जित वाडीत केळी आणि पानवेल सांभाळणारा. डिसेंबरातला एक रविवार सर्वांनी सहकुटुंब बाबूच्या वाडीत घालवायचा, मडक्यात कंद आणि शेंगा शिजवून उकडहंडी करायची, क्लेमेंटच्या बायकोने, एमिलीने, केक आणायचा, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

"झालं तर मग," बाबू म्हणाला. "या रविवारी या."

"असं कसं?" चंद्रहासराव म्हणाले. "पहिल्याच वर्षाला परंपरा म्हणत नाहीत. त्याला नुसतं जेवण म्हणतात. विहीणबाईंची परंपरा नऊ वर्षांची आहे. आपली किमान दहा वर्षांची हवी."

"मग दहा वर्षं थांबूया," बाबू म्हणाला. "मी सदुसष्ट वर्षांचा आहे, काय घाई आहे?"

"आर्याची तिकिटं पंधरा तारखेला काढणार आहेत."

एवढ्या कमी मुदतीत दहा वर्षं पूर्ण करण्याचा एकच मार्ग होता. रविवारी प्रत्येकाने दहा जोडी कपडे घेऊन वाडीत हजर राहावं आणि २०१५ ते २०२४ या वर्षांचे फोटो ओळीने काढून घ्यावेत, असं परिपत्रक निघालं.

"चंद्या, ही लबाडी आहे," क्लेमेंट म्हणाला.

"लबाडी कसली? आपण या दहा वर्षांत एकमेकांना भेटलो होतो की नाही? फक्त नोंद राहून गेली. ती आता पूर्ण करतोय."

रविवारी काम शिस्तीत सुरू झालं. चंद्रहासरावांनी २०१५ साठी केस काळे केले होते आणि २०१९ नंतर ते पांढरे करण्यासाठी टाल्कम पावडरचा डबा आणला होता. बाबूची मिशी २०१८ पर्यंत ठेवून नंतर काढायची असं ठरलं. चाळीस वर्षांची मिशी पाण्याच्या हौदापाशी उतरली तेव्हा त्याची बायको मालन तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला की रडायला, ते समजलं नाही. २०२० च्या फोटोत सगळ्यांनी मास्क लावले आणि सहा-सहा फुटांवर उभे राहिले. उकडहंडीचं मडकं तयार होतं, पण प्रत्येक फोटोत त्याचं तोंड पाल्याने बंद दिसायला हवं होतं. म्हणून २०२४ उजाडेपर्यंत कुणी जेवायचं नव्हतं.

२०२२ सालासाठी चंद्रहासरावांच्या पत्नी विनयावहिनी साडी बदलून आल्या आणि तेवढ्यात वाडीच्या फाटकाशी रिक्षा थांबली. आतून आर्या उतरली. कंपनीच्या कामासाठी ती एका दिवसापुरती अंधेरीला आली होती, संध्याकाळचं विमान होतं, मधले चार-पाच तास मोकळे होते. घरी कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारत ती इथे पोचली होती.

विनयावहिनींनी धावत जाऊन तिला जवळ घेतलं. एमिलीने तिला पुढे ओढलं. "ये गो बाय, मध्ये उभी राहा!"

"थांबा," चंद्रहासराव म्हणाले. तेही दोन पावलं पुढे आले होते, पण कर्तव्य समोर होतं. "ही २०२२ मध्ये बंगळुरूत होती. मी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही." बोलताना त्यांच्या केसांतून थोडी पावडर खांद्यावर पडली.

"अहो, पोरगी आलीय!" विनयावहिनी म्हणाल्या.

"तिच्यासाठीच चाललंय ना हे सगळं? बेटा, तीन वर्षं राहिलीत फक्त. ती उरकतो आणि बसतो निवांत."

आर्याने बापाकडे पाहिलं, बाबूकाकांच्या मिशीविना उघड्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं आणि काही न विचारता मोबाइल हातात घेतला. उरलेले फोटो तिनेच काढले. छान काढले. २०२३ च्या वेळी सूर्य ढगाआड गेल्यामुळे थांबावं लागलं. २०२४ ला क्लेमेंटचा सदरा सापडेना. मडक्याचा पाला काढला तेव्हा आर्याची रिक्षा फाटकाशी येऊन उभी होती. मालनने चार शेंगा केळीच्या पानात बांधून दिल्या. त्या विमानतळावर आत नेऊ दिल्या की नाही, ते कळलं नाही.

दहा फोटो, सालवार आणि साक्षांकित, सोमवारी विहीणबाई जागृतीताईंना रवाना झाले. उत्तर दोनच दिवसांत आलं.

"चंद्रहासराव, फोटो पाहून डोळे भरून आले. किती सुंदर परंपरा! खरं सांगायचं तर आर्याला दर वर्षी आमच्याकडे ठेवून घेताना मनाला टोचायचं. पण दहाही वर्षं तुम्ही सगळे तिच्याशिवाय इतके आनंदात आहात, हे पाहून ते ओझं उतरलं. आता तिला निर्धास्तपणे नेतो. यंदाही आणि पुढेही."

चंद्रहासरावांनी ते तीनदा वाचलं. पुरावा सबळ होता, निष्कर्ष तर्काला धरून होता, अपिलाला जागा नव्हती. ते गॅलरीत जाऊन बसले.

विनयावहिनी चहा घेऊन आल्या. "एक विचारू? 'आर्या, तू ये, तुझ्यावाचून करमत नाही,' एवढंच म्हटलं असतं तर?"

"तसं म्हणायची आपल्यात पद्धत नाही," ते म्हणाले.

हे वाचून चंद्रहासरावांची कीव करणाऱ्या वाचकांनी, वाटल्यास, आपल्या माणसाला पाठवलेलं शेवटचं बोलावणं मोबाइलमध्ये काढून पाहावं. ज्यांच्या बोलावण्यात 'जमलं तर' हे दोन शब्द नसतील, त्यांनी खुशाल हसावं.