धाकट्या नाण्याची गल्ल्यावर फेरबहाली

श्रोते हो, चित्त द्यावे. देवास साक्ष ठेवोन, जैसे घडले तैसे निवेदन केले असे.

बेकरीचे गल्ल्यावर आत्याबाईसाहेब तख्तनशीन. भाऊ निवर्तल्यापासोन अंमल त्यांचा. धाकट्यात धाकटे नाणे गिऱ्हाइकाचे तळहाती टेकवावे आणि ख्यालीखुशाली पुसावी, हाच कारभार आणि हाच जिवाचा विसावा. परंतु भाचेसाहेब फोनावर पैसे घेण्याचे नवे इल्म शिकोन आले आणि फर्मान सुटले की, धाकटे नाणे ठेवावे की बरखास्त करावे, याची मसलत व्हावी. ज्यास जे सुचेल त्याने ते बोलावे, कोणी कोणास हसो नये.

मग भट्टीचे खोलीत मैद्याचे पोत्यांवर दरबार भरला. सूनबाईंनी, म्हणजे भाचेसाहेबांचे कुटुंबाने, मनसुबा मांडिला की, मोडीऐवजी गोळी द्यावी.

"आणि तीच गोळी घेऊन तो पाव मागायला आला, तर देशील गं?" आत्याबाईंनी पुसिले, आणि भट्टीवाले मामा कायदा मोडोन हसिले.

मग भाचेसाहेबी थोरली तोफ डागिली. "अगं आत्या, रस्त्यात पडलं तर कुणी वाकूनसुद्धा उचलत नाही ते!"

आत्याबाईंचा चेहरा उतरला. नाणे गेले म्हणजे गल्ला फोनात आणि आपण घरी खाटेवर, हे त्या उमजोन होत्या.

कौल घेता मामा आत्याबाईंकडे, सूनबाई नवऱ्याकडे, ऐसी बरोबरी जाहली. मग छापा-काट्याने निवाडा ठरला; परंतु फोनवाल्यांचे खिशात नाणे कोठचे? तेव्हा आत्याबाईंनी गल्ल्यातोन खासा आरोपीच काढोन दिधला. भाचेसाहेबी तो उडविला, आणि तो बोटांतोन निसटोन, लादीवर गरगरत, थेट कपाटाखाली दडला. मग झाडू चालिला, उलथणे चालिले, दोन्ही माघारी फिरले. आणि भाचेसाहेब खासे पोटावर पालथे पडोन, खांद्यापावेतो हात घालोन, मस्तकी मैदा घेवोन झुंजले.

"मिळालं! आत्या, मिळालं!"

"वाकत नाही म्हणालास ना रे राजा? तू तर आडवाच झालास!"

तेसमयी सूनबाईही फितूर होवोन खदखदा हसिल्या. छापा की काटा, हे पुसावयाचे भान कोणास? भाचेसाहेबी पडल्यापडल्या शिकस्त कबूल केली, नाणे शर्टास पुसिले आणि आत्याबाईंचे तळहाती टेकविले. त्यांनीही रिवाजाप्रमाणे पुसिले, "लागलं नाही ना रे कुठं?"

ऐसी फत्ते जाहली. नाणे गल्ल्यावर बहाल, आत्याबाई तख्तावर कायम, आणि नमुन्यादाखल आणिलेल्या गोळ्या दरबाराने जागीच फस्त केल्या, हे दप्तरी रुजू असे.